तलावाखालचे गाव

भंडारा जिल्ह्याच्या साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या तालुक्यांतील जुन्या गावांची मांडणी बरीचशी सारखी आहे. वरच्या अंगाला टेकडी किंवा झुडपी जंगल, त्याच्या पायथ्याशी मातीची पाळ घालून अडवलेला तलाव, पाळीखाली उताराने पसरलेल्या धानाच्या बांध्या आणि एका बाजूच्या उंचवट्यावर वस्ती. ही मांडणी निसर्गाने आयती दिलेली नाही. पाणी कुठे अडवायचे, कोणाच्या शेतात आधी सोडायचे आणि कोणी कुठे राहायचे, असे अनेक पिढ्यांचे निर्णय तिच्यात आहेत. त्यामुळे या भागातील लहान गाव समजून घेताना लोकसंख्या आणि जातवार यादी यांच्याआधी पाण्याचा उतार पाहावा लागतो. गावातील माणसांचे परस्परसंबंध त्या उताराच्या आधाराने बनले आणि गेल्या पाऊणशे वर्षांत त्याच आधाराने बिघडलेही.

जमीन आणि पाऊस

भंडारा हा नागपूर विभागातील, वैनगंगेच्या खोऱ्यातील जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर त्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे सात तालुके राहिले. क्षेत्रफळ सुमारे 4,087 चौरस किलोमीटर, आणि 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 12,00,334. दर पाच माणसांपैकी सुमारे चार खेड्यांत राहतात. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा जिल्ह्यातून उत्तर-दक्षिण वाहते. बावनथडी, सूर, कन्हान आणि चुलबंद या नद्या तिला मिळतात. पुढे वर्धा नदीच्या संगमानंतर हेच पाणी प्राणहिता या नावाने गोदावरीला जाते.

पश्चिम विदर्भातील काळी कपाशीची जमीन आणि तिच्याखालचा बेसाल्ट यांचा या प्रदेशाशी फारसा संबंध नाही. भंडाऱ्याखाली अतिप्राचीन रूपांतरित खडक आहेत, आणि त्यांतील एका मोठ्या गटाला भूशास्त्रात साकोलीचेच नाव आहे. उत्तरेकडे तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे याच जुन्या खडकांच्या पट्ट्यातून मँगनीज काढले जाते. हा खडक कठीण असल्याने भेगा आणि वरचा झिजलेला थर सोडला, तर त्यात पाणी फारसे साठत नाही. साध्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरेलच असे नसते. वरच्या मातीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे आहेत. जुन्या जमाबंदीत सारा ठरवताना हीच वर्गवारी धरली जाई. कन्हार खोलगट भागातील काळसर आणि ओल धरणारी, सिहार पिवळसर आणि धानाला मानवणारी, तर बरडी उंचावरची आणि खडेयुक्त.

पाऊस कमी नाही. वार्षिक सरासरी 1,300 मिलिमीटरच्या आसपास आहे. परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही सारख्या अंतराने पडत नाही. धानाला पाण्याची सर्वांत जास्त निकड लागते ती लोंबी निसवताना आणि दाणा भरताना, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरात. पाऊस नेमका तेव्हाच ओसरू लागतो. पिकाचे अखेरचे एक-दोन पाणी चुकले, तर चार महिन्यांच्या कष्टांवर पाणी फिरते. तलावाचा उगम या अखेरच्या पाण्याच्या गरजेत आहे. बारमाही बागायतीसाठी हे तलाव बांधलेले नव्हते. पावसाळ्यात वाहून जाणारे पाणी अडवून ते शरद ऋतूपर्यंत राखणे हा त्यांचा मुख्य हेतू होता.

तलावाची रचना

या तलावांच्या उभारणीशी कोहळी समाजाचे नाव विशेष जोडलेले आहे. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील 1916 च्या आपल्या ग्रंथात आर. व्ही. रसेल यांनी भंडारा आणि चांदा जिल्ह्यांतील कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे शेतकरी अशी करून दिली आहे. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळेल, असे गोंड राजांनी ठरवून दिले होते, अशी परंपरागत समजूत आहे. साकोली तालुक्यातील शिवनीबांध आणि 1999 पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेला नवेगावबांध ही या बांधकामाची मोठी उदाहरणे. मात्र शेकडो लहान तलाव आणि त्याहून लहान बोड्या कुणबी, पोवार, लोधी अशा इतर समाजांतील पाटलांनी आणि गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांनीही बांधून घेतल्या. प्रत्यक्ष माती वाहण्याचे काम तर सर्वच कष्टकरी जातींनी केले.

तलावाचे भाग मोजकेच. उताराला आडवी टाकलेली मातीची पाळ, जादा पाणी बाहेर काढणारा सांडवा, आणि शेतीसाठी पाणी सोडण्याचे तुडुम. कौशल्य लागते ते जागा निवडण्यात. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा शोधली, तर लहान पाळीने मोठा साठा होतो. अनेक ठिकाणी एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या गावाच्या तलावात जाते आणि तिथले आणखी खालच्या बोडीत. अशा साखळीत वरच्या गावाने सांडवा उंच केला, तर खालच्या गावाची शेती कोरडी पडते. एका गावाचे शिवार दुसऱ्या गावाशी बांधले जाण्याचे हे मुख्य कारण आहे. नात्यागोत्याचे आणि बाजाराचे संबंध त्यानंतर येतात.

पाळीखालच्या जमिनीत पिकाची निवडही उतारावर ठरते. तलावाजवळच्या खोल बांध्यांत पाणी जास्त दिवस राहते, म्हणून तिथे उशिरा येणारे भारी धान लावतात. त्यापलीकडे मध्यम, आणि उंचावरच्या जमिनीत लवकर निघणारे हलके धान. चिन्नोरसारखा सुवासिक तांदूळ पिकायला वेळ घेतो, त्यामुळे खात्रीच्या पाण्याशिवाय तो परवडत नाही. धान निघण्याआधीच ओल्या बांधीत लाखोरी किंवा जवस फेकून पेरतात, त्याला उतेरा म्हणतात. उरलेल्या ओलीवर आणखी एक पीक निघते. म्हणजे कोणाचे शेत उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, यावर त्या घराची वर्षाची कमाई अवलंबून असते. जमिनीचा मोठा तुकडा असूनही तो बरडीवर असेल, तर घर गरीब राहते.

माणसे आणि कामे

तलावाखालच्या शेतकऱ्यांखेरीज आणखी अनेकांचे पोट याच पाण्यावर चालते. ढिवर समाजाची टोली बहुधा पाळीच्या जवळ असते. मासेमारी, शिंगाड्याची लागवड आणि डोंग्यांतून वाहतूक ही त्यांची जुनी कामे. मरळीसारखे स्थानिक मासे, झिंगे, कमळाचे कंद आणि पाण्यात आपोआप उगवणारे देवधान यांचे ज्ञान या समाजात पिढ्यान्‌पिढ्या साठले आहे. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावरून वर चढणारे मासे कधी धरायचे आणि कधी सोडून द्यायचे, हे ठरवण्यावर पुढच्या वर्षीची मासोळी अवलंबून असते. ढिवर केवळ पाण्यावरच जगत नाहीत. पवनी आणि आसपासच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या वाढवण्याचे कामही ते करतात. त्या कोशाचे सूत कोष्टी विणकरांच्या मागावर जाई. मोहाडी आणि पवनी हे या विणकामाचे जुने पट्टे आहेत.

गोवारी गुरे राखतात. त्यांच्या कळपांना तलावात पाणी आणि झुडपी जंगलात चारा लागतो. दिवाळीच्या दिवसांत गायगोधनाला त्यांचा मान असतो. गोंड आणि हलबा कुटुंबे शेती, मजुरी आणि जंगलातील मोह, तेंदूपत्ता यांवर जगतात. कुणबी, तेली, कोहळी आणि पोवार हे संख्येने मोठे शेतकरी समाज आहेत. त्यांपैकी पोवार मुख्यतः तुमसर आणि मोहाडीकडे, तर कोहळी दक्षिणेकडे एकवटले आहेत. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे 17 टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे 7 टक्के होते. अनुसूचित जातींतील मोठा वर्ग आता बौद्ध आहे. 1954 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. ते पराभूत झाले, परंतु खेड्यापाड्यांतील दलित वस्त्यांत संघटनेची आणि शिक्षणाची जाणीव त्या काळात खोल रुजली.

या सर्वांना एकत्र आणणारे काम म्हणजे रोवणी. जूनच्या पावसावर पऱ्हे टाकले जातात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चिखल केलेल्या बांध्यांत ते उपटून लावतात. लावणारे हात बहुतेक बायांचे असतात. काम रोजाने किंवा हुंड्याने दिले जाते. हुंड्यात बायांचा एक गट ठरावीक क्षेत्राची रोवणी ठरावीक रकमेत उचलतो. पाऊस उशिरा आला की सर्वांना एकाच आठवड्यात मजूर हवे असतात आणि मजुरीचा भाव चढतो. जमीनदार आणि भूमिहीन यांच्यातील बळाचा तोल वर्षातून एवढ्या काळापुरता थोडा हलतो. धान कापून पुंजणी घातली की मंडईचे दिवस येतात. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. झाडीपट्टीची रंगभूमी आणि हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ज्या झाडीबोलीचा पाठपुरावा केला ती बोली, दोन्ही धानाच्या या वर्षचक्राशी जोडलेल्या आहेत. हाती पैसा आणि रिकामा वेळ दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हाच हा हंगाम उभा राहतो.

मालगुजारी: सुबत्ता आणि तिची किंमत

1853 मध्ये तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराला गावाच्या मालकीचा हक्क मिळाला. तलावही त्याच्या ताब्यात आला. पाळीची डागडुजी करणे त्याच्या हिताचे होते, कारण त्याची सर्वांत चांगली सीर, म्हणजे खुद्द वहिवाटीची, जमीन बहुधा तलावाखालीच असे. पाळीवर माती टाकायला दर उन्हाळ्यात गावाने यावे, पाणी कोणत्या क्रमाने सोडावे, मासे कोणी धरावेत, गाळ कोणी न्यावा, या गोष्टी रूढीने ठरत. गुरे चारणे, सरपण, पाणी यांसारखे गावकऱ्यांचे सामाईक हक्क निस्तार म्हणून ओळखले जात आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या दप्तरात त्यांची नोंद असे.

आज तलावांची दुर्दशा पाहून मालगुजारीच्या दिवसांची आठवण अनेकदा गौरवाने काढली जाते. ती अर्धीच खरी आहे. तलाव टिकले, कारण एका माणसाकडे अधिकार आणि स्वार्थ दोन्ही होते आणि ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे ते नकार देण्याच्या स्थितीत नव्हते. पाळीवरची माती बऱ्याच प्रमाणात वेठीने वाहिली गेली. ती वाहणाऱ्यांची स्वतःची जमीन बरडीवर होती किंवा मुळीच नव्हती. ढिवरांना मासे धरू देणे ही मालगुजाराची मर्जी होती, आणि त्या बदल्यात त्याच्या घरी मासोळी पोचती करावी लागे. पाण्याची वाटणी शिस्तीत होती, पण तिच्यात सर्वांचा वाटा सारखा नव्हता. जुन्या व्यवस्थेकडून देखभालीचे शहाणपण जरूर घ्यावे. मात्र तिच्यातील सत्तेचा हिशेब बाजूला सारून ते घेता येत नाही.

गावातील सत्तेचे हे गणित मालगुजारीबरोबर संपले नाही, याचा सर्वांत भीषण पुरावा याच जिल्ह्यातला आहे. 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे जमावाने एका बौद्ध शेतकरी कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची हत्या केली. त्या कुटुंबाच्या शेतातून वाट नेण्यावरून चाललेला जुना वाद त्यामागच्या कारणांत होता. शेताची वाट, पाट, बांध या गावाच्या भूगोलातील किरकोळ वाटणाऱ्या रेषा आहेत. दलित कुटुंबाने त्या रेषेवरचा आपला कायदेशीर हक्क धरून ठेवला, तेव्हा गावातील जातिव्यवस्थेचे खरे स्वरूप उघड झाले. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून तिथे आपोआप सलोखा असतो, ही कल्पना या घटनेपुढे टिकत नाही.

मालकी गेली, जबाबदारी विखुरली

1950 च्या कायद्याने मध्य प्रदेशातील मालगुजारी रद्द झाली आणि 1951 मध्ये तो अमलात आला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तलाव सरकारजमा झाले आणि माजी मालगुजारी तलाव या नावाने, बोलण्यात मामा तलाव म्हणून, नोंदले गेले. पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी एक हजाराहून अधिक एकट्या भंडाऱ्यात आहेत.

मालकी एका हातातून काढून समाजाकडे देण्याचा हेतू योग्य होता. प्रत्यक्षात ती समाजाकडे न येता कार्यालयांमध्ये वाटली गेली. लहान तलावांचे सिंचन जिल्हा परिषदेकडे, मोठ्यांचे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका दुसऱ्या यंत्रणेकडे, तलावाच्या पोटातील जमिनीची नोंद महसूल खात्याकडे, आणि वरच्या पाणलोटातील झुडपी जंगल वन आणि महसूल यांच्या वादात. प्रत्येक खाते तलावाचा एकच उपयोग पाहते. शेतकऱ्याला पाणी शेवटपर्यंत उपसायचे असते, तर मच्छीमाराला मासे जगतील एवढे पाणी राखायचे असते. काठच्या शेतकऱ्याला तलावाच्या पोटात अतिक्रमण करून बांधी वाढवायची असते, आणि गुराख्याला तोच काठ चराईसाठी हवा असतो. हे हितसंबंध पूर्वीही परस्परविरोधी होते. आता ते ज्या ठिकाणी बसून सोडवता येतील अशी एकच जागा राहिली नाही, हा फरक आहे.

त्याचे परिणाम उघड आहेत. गाळाने तलाव उथळ झाले. काठावर बेशरमाची झुडपे वाढली. सांडवे फुटले की दुरुस्तीचा प्रस्ताव कार्यालयांत फिरत राहतो. मासेमारीत सहकारी संस्था आल्या ही चांगली गोष्ट, पण ठेक्याच्या रकमेच्या दबावाखाली रोहू, कतला यांची बोटुकली सोडण्यावर भर आला. स्थानिक जाती मागे पडल्या, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या घरांचे रोजचे अन्न घटले.

मोठ्या धरणाचा प्रश्न

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जातो. वीजपंप आणि मोठे कालवे असताना लहान तलावांची चिंता कशाला करायची? पवनी तालुक्यातील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी 1988 मध्ये झाली. 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे उन्हाळी धान वाढले, हेही खरे.

परंतु मोठे धरण आणि गावचा तलाव यांची कामे वेगळी आहेत. कालवा उताराच्या एका बाजूलाच पाणी देऊ शकतो; त्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांना तो निरुपयोगी असतो. कठीण खडकात विंधन विहिरीही मर्यादेपलीकडे पाणी देत नाहीत. विहिरींना जे पाणी मिळते त्यातला काही भाग तलावातूनच पाझरतो. शिवाय धरणाची किंमत वेगळ्या लोकांनी दिली. वैनगंगेच्या काठची गावे, म्हणजे खोऱ्यातील सर्वांत सुपीक जमीन, पाण्याखाली गेली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, आणि संथ झालेल्या पाण्यात जलपर्णी माजते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या महापुराने नदीकाठच्या वस्त्यांना मोठ्या नदीवरील अवलंबित्वाचा धोका दाखवून दिला. कालव्यावरचा निर्णय दूर कुठेतरी होतो. तलावावरचा निर्णय गावात होऊ शकतो, आणि चुकला तर तो गावातच सुधारता येतो.

गावाने काय करावे

गाळ काढण्याच्या योजना अलीकडे आल्या. 2017 मध्ये राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. रोजगार हमीतूनही पाळींची कामे होतात. मात्र यंत्राने सरसकट खोदलेला तलाव खड्ड्यासारखा होतो. उथळ काठ, वनस्पती आणि माशांच्या विणीच्या जागा त्यात नष्ट होतात. पूर्व विदर्भात उरलेल्या मोजक्या सारस पक्ष्यांनाही हेच उथळ पाणी आणि धानाच्या बांध्या लागतात. गाळ किती काढायचा, कोणत्या बाजूचा काढायचा आणि तो कोणाच्या शेतात जायचा, हे तांत्रिक वाटणारे प्रश्न मुळात वाटणीचे आहेत. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांच्याच शेतात गाळ गेला, तर सार्वजनिक पैशाने उताराची जुनी विषमता आणखी पक्की होते.

उपाय एकाच खात्याच्या हाती तलाव देण्यात नाही, आणि पुन्हा गावातील बलवान घरांच्या हाती देण्यातही नाही. तलावाशी संबंध असलेल्या सर्वांची मिळून एक समिती ग्रामसभेखाली असावी. तीत पाळीखालच्या शेतकऱ्यांइतकेच ढिवर, गुराखी, भूमिहीन मजूर आणि दलित वस्ती यांचे प्रतिनिधी असावेत, आणि रोवणी करणाऱ्या बायांना निर्णयात वाटा असावा. राखायचे किमान पाणी, पाणी सोडण्याचा क्रम, ठेक्याची रक्कम आणि तिच्यातून दुरुस्तीसाठी काढायचा हिस्सा यांची लेखी नोंद गावात राहावी. निस्तार पत्रकाची परंपरा त्यासाठी उपलब्ध आहे. सरकारचे काम साखळीतील गावांमध्ये न्याय राखणे, अतिक्रमण हटवणे आणि मोठ्या दुरुस्तीला पैसा देणे एवढे असावे.

अशा समित्या सहज उभ्या राहणार नाहीत. शिकलेली तरुण पिढी नागपूर, पुणे, हैदराबाद येथे कामाला जाते. धानाचा धंदा हमीभाव आणि सरकारी खरेदी केंद्रांवर टेकलेला आहे. जातीचे ताण अजून जिवंत आहेत. तरीही तलाव ही गावातील अशी एकच मालमत्ता आहे, जिचा उपयोग भूमिहीनापासून बागायतदारापर्यंत प्रत्येकाला आहे आणि जी एकट्याने सांभाळता येत नाही. तिची देखभाल आणि तिच्यातील वाटा एकाच वेळी ठरले, तरच भंडाऱ्यातील लहान गाव शेतीच्या पातळीवर टिकेल आणि समाज म्हणूनही अधिक न्याय्य होईल. दोन्हींपैकी एकच साधण्याचे प्रयोग या जिल्ह्याने करून पाहिले आहेत. मालगुजारीने देखभाल साधली आणि न्याय सोडला. त्यानंतरच्या व्यवस्थेने न्यायाचे नाव घेतले आणि देखभाल सोडली.